बाईंच्या आवाजातली इंग्रजी

शालन रेंदाळे बाईंना सोप्या इंग्रजीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू. म्हणजे पुढे त्यांना कुणी साध्वी ठरवायला नको आणि लबाडही.

पहिला लाभ मुलगी. ईश्वरी चौथीत होती. गणितात पुढे, मराठी धडा अडखळत का होईना पण शेवटापर्यंत नेणारी, आणि इंग्रजीचं पुस्तक उघडलं की चेहऱ्याचं दार आतून लावून घेणारी. दुसरा लाभ वडिलांवर मात. बाईंचे वडील अण्णा हे गडहिंग्लजच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. डिक्टेशनच्या एका चुकीला एक छडी असा त्यांचा सरळ व्यवहार होता, आणि बाई त्याच वर्गात शिकलेल्या. बायको गेल्यावर अण्णा लेकीकडेच राहायला आले होते, त्यामुळे मात करायची तर रोज दोन वेळा, जेवताना, करता येणार होती. तिसरा लाभ शाल-श्रीफळ. हा बाईंनी कबूल केला नसता. पण माळेवाडीच्या प्राथमिक शाळेत इतकी वर्षं घसा फोडून शिकवल्यावर कुणी तरी खांद्यावर शाल टाकावी असं वाटलं, तर त्यात पाप नाही.

आता सोपी इंग्रजी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

इंग्रजी स्पेलिंगचा आजार जुना. छापखाने आले तेव्हा शब्दांची रूपं शिशात ओतली गेली, आणि नेमकी त्याच सुमाराला इंग्रजांची तोंडं बदलत होती. 'नाइफ'मधला के पूर्वी खरोखर उच्चारला जायचा, 'नाइट'मधलं जीएच घशातून खाकरून काढलं जायचं. बोलणं पुढे निघून गेलं, लिहिणं स्टँडवर उभंच राहिलं. त्याचं ओझं पडलं मुलांच्या डोक्यावर, आणि तेही अगदी एका जागी. डाव्या कानाच्या मागे, मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग अक्षरांची रूपं ओळखायचं काम करतो. जिथे अक्षर आणि आवाज यांचं पटतं तिथे थोड्या नियमांवर त्याचं भागतं. इंग्रजीत मात्र त्याला शेकडो शब्द माणसांच्या चेहऱ्यांसारखे एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. ज्या मुलांचं हे खातं जरा सावकाश चालतं त्यांची फरफट होते. ईश्वरी त्यांतली.

सुधारणा सुचवणारे पुष्कळ होऊन गेले. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली: उच्चाराप्रमाणे लिहायचं, पण कुणाच्या उच्चाराप्रमाणे? लंडनच्या, टेक्ससच्या की गडहिंग्लजच्या? मग एक यंत्र आलं, आणि त्याने हा प्रश्नच मोडीत काढला. ज्याच्या त्याच्या. यंत्र वाक्यं म्हणणार, माणसाने ती आपल्या तोंडाने म्हणून दाखवायची. त्यावरून त्याचा उच्चारपट तयार होणार. मग त्याच्या पाटीवर जगातली कुठलीही इंग्रजी त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहिलेली दिसणार, आणि त्याने लिहिलेलं दुसऱ्याला दुसऱ्याच्या उच्चाराप्रमाणे. हीच सोपी इंग्रजी. पाटी म्हणजे कागदासारखा पातळ पडदा; पुस्तकं, वह्या, प्रश्नपत्रिका सगळं त्याच्यावरच आलं होतं. आणि स्पेलिंग पुन्हा कधी गोठू नये म्हणून दर महिन्याला आवाज-हजेरी. माणसाने फोनपुढे चार ओळी म्हणायच्या, पट आपोआप ताजा व्हायचा.

"अण्णा," बाई ताटावर बसता बसता म्हणाल्या, "के जर गप्पच बसायचा तर तो आला कशाला, असं मी तुम्हाला वर्गात विचारलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय की. छडी दिली होती."

"उत्तर नव्हतं दिलं."

"उत्तर नव्हतंच. म्हणून तर छडी." अण्णांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. "स्पेलिंग वेडं आहे, शालन. मी कधी शहाणं म्हटलंय? पण ते बहिरं आहे, हा त्याचा मोठा गुण. कोण कसं बोलतंय याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. साहेबाने बोलावं, आपण भाकरी खाऊन बोलावं, त्याचं काही बिघडत नाही. मेलेल्या माणसाने लिहिलेलं जिवंत माणूस वाचतो. तुझं हे नवीन माणसाच्या घशाला बांधलेलं. घसा म्हणजे काय, आज आहे."

"दर महिन्याला ताजं होतंय ते!"

"मी तेच म्हणतोय."

"तुमच्या त्या बहिऱ्यापायी वर्गातली निम्मी पोरं शाळा सोडून उसाच्या ट्रॅक्टरवर गेली, त्याचं काय?"

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि घरात छडी चालत नव्हती. ईश्वरीने दोघांकडे बघितलं.

"आजोबा, सोप्या इंग्रजीत मारतात का?"

"नाही."

"मग मला सोपी."

बाईंचा नवरा साखर कारखान्यात होता आणि हंगामात घरी फक्त झोपायला यायचा, तेव्हा त्याचं मत धरलं नाही. ठराव मंजूर झाला.

नोंदणीचा आठवडा आला. केंद्रप्रमुख कुराडे साहेब मोटरसायकलवरून उतरले नाहीत, तिथूनच म्हणाले, "बाई, शनवारपर्यंत शंभर टक्के पायजे बघा. पयला तालुका आपला आला पायजे. माळेवाडीमुळं अडलं, असं हूनी."

बाईंनी पोरांना ओळीने उभं केलं. समीर मुल्लाला खोकला झालेला. एकीला हसू आवरेना. एकजण यंत्रालाच "नमस्ते" म्हणून परत जागेवर जाऊन बसला. पत्र्यावर माकडं नाचली की नोंद पहिल्यापासून. तालुक्याची रेंज दुपारी यायची आणि पोरं भात खाऊन पेंगायची. शेवटी ईश्वरीची पाळी आली. यंत्राने वाक्य म्हटलं. ईश्वरीने तोंड उघडलं, कान लाल झाले, आणि आवाज काही फुटला नाही. पुन्हा वाक्य, पुन्हा तेच. मागून कुणीतरी खिदळलं.

आपल्या शाळांतून एक रीत आहे, ती ठाऊक असलेली बरी. वरून कुठलीही नोंदणी आली की ती गुरुजी-बाईच करतात. पोरांची वजनं, पालकांची संमती, झाडं लावल्याचे फोटो, सगळं शिक्षकांच्या हातचं. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पोराचं नाक पुसावं तितकं ते सहज असतं. बाईंनी ईश्वरीला बाजूला घेतलं, दार लोटलं आणि यंत्रापुढे स्वतः बसल्या. लेकीच्या नावावर आईने वाक्यं म्हटली. स्वच्छ, ठाम, वर्गात शेवटच्या ओळीपर्यंत जाणाऱ्या आवाजात. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. मग समीरने काय घोडं मारलं होतं? शनिवार उजाडायच्या आत अख्ख्या वर्गाची नोंद झाली, आणि तालुका पहिला आला.

तपासणी तेव्हा सैल होती, कारण वरच्यांनाही आकडाच हवा होता. यंत्राने फक्त आपल्या बुद्धीप्रमाणे एक काम केलं. एकच आवाज इतक्या नावांवर दिसल्यावर त्या साऱ्या पाट्या त्याने एका मुळाशी जोडून टाकल्या. मूळ म्हणजे बाई. पुढे मुलं आपापल्या फोनपुढे हजेरी द्यायची, तेव्हा यंत्राला वाटायचं, भलतंच कुणी बोलतंय. ते सोडून द्यायचं आणि मुळाकडचं घ्यायचं.

आणि जमलं! हे कबूल करायला पाहिजे. दिवाळीपर्यंत समीर मुल्ला सिमेंटच्या पोत्यावरची इंग्रजी वाचू लागला. बाई 'व्हेजिटेबल' चार तुकड्यांत म्हणायच्या, पोरांच्या पाटीवर ते चार तुकड्यांत यायचं आणि पोरंही ऐटीत चार तुकड्यांत म्हणायची. पण कळायचं. ईश्वरीने एका संध्याकाळी पाटीवरची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मध्ये कुठे न थांबता, आणि झाल्यावर म्हणाली, "आई, हे वाचताना डोक्यात तूच बोलतेस." बाईंनी कणीक मळता मळता मान फिरवून घेतली. अण्णा झोपाळ्यावर होते. ते काही बोलले नाहीत, म्हणजे हरले. शालही मिळाली, श्रीफळही. तिन्ही लाभ पदरात पडले. इथे गोष्ट संपली असती तर बाईंसारखी हिशेबी बाई नव्हती म्हणायचं.

वर्षं गेली. ईश्वरी कोल्हापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली. बाईंचा घसा उन्हाळ्यात बसला तो उठेना. शिक्षकांचे घसे बसतातच, म्हणून त्यांनी हळद-दूध घेतलं आणि शिकवत राहिल्या. मग ईश्वरीचा फोन आला.

"आई, तू आजारी आहेस का?"

"नाही गं. का?"

"माझ्या पुस्तकातले ब प झालेत."

बाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

यामागचं शास्त्र सोपं आहे. ब आणि प म्हणताना ओठ सारखेच मिटतात. द आणि त म्हणताना जीभ एकाच जागी टेकते. फरक एवढाच, की ब आणि द म्हणताना घशातले स्वरतंतू थरथरतात, प आणि त म्हणताना ते गप्प असतात. घशावर बोटं ठेवून कुणीही पाहावं. बाईंचे स्वरतंतू नीट थरथरत नव्हते. यंत्राला ब ऐकू येईना. ते इमानेइतबारे प लिहू लागलं, द च्या जागी त, ग च्या जागी क. एका महिन्यात थोडं, पुढच्या महिन्यात आणखी. दुसऱ्या कुणी हे अंदाजाने जुळवून घेतलं असतं. ईश्वरीने मात्र एकेक शब्द आईच्या तोंडावरून रचत नेलेला, आणि तिच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात अंदाजाला जागा नव्हती.

डॉ. हत्तरगींनी नळी घालून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "गाठ आहे. साधी नाही. गणपतीच्या आत काढली तर एका बाजूचा तुकडा जाईल. आवाज राहील, पण फुसका, वारा भरल्यासारखा."

"ब म्हणता येईल?"

"काय?"

"ब, डॉक्टर. आणि द."

"तुमचं तुम्हाला येईल. ऐकणाऱ्याला प वाटेल." डॉक्टर जरा चिडले. "बाई, तुम्ही जीव वाचवायला आलाय की बाराखडी?"

"आणि दिवाळीनंतर काढली तर?"

"तर काय काय काढावं लागेल ते मी आत्ता सांगत नाही."

ईश्वरीची शेवटची परीक्षा दिवाळीनंतर होती.

बाई खऱ्याला धरून चालायला निघाल्या, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. कुराडे साहेब आता जिल्ह्याच्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर होते. बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी चहा मागवला, दार लावून घेतलं आणि फार मायेने म्हणाले, "बाई, असलं काय झालंच न्हाई."

"साहेब, मीच केलंय."

"तेच म्हंतोय. नवीन पट काढायचा तर आधी पयल्या नोंदीतला आवाज जुळवून दावाय लागतो. पोरीचा जुळणार न्हाई, कारण तो तिचा नव्हंच. तुमचा जुळणार न्हाई, कारण तो आता तुमचाबी ऱ्हायला न्हाई. मग चौकशी. मग त्या वर्गातल्या समद्यांचे धावीपासनंचे निकाल रद्द. तुमच्या पोरीचं नर्सिंग रद्द. ऱ्हायला काय?" त्यांनी बशी पुढे सरकवली. "बिस्कीट घ्या."

बाईंनी बिस्कीट घेतलं नाही. परत येताना एसटीत त्या कुणाशी बोलल्या नाहीत, आणि तिथून न बोलणं सुरूच झालं. आवाज खर्च होऊ नये म्हणून महिनाभर मौन, आणि हजेरीच्या दिवशी तेवढ्या चार ओळी. शाळेतून रजा घेतली. हजेरीच्या दिवशी घरात कुकर लागत नसे, अण्णा खोकला आला तर परसात जात. बाई मध घेऊन, पाठ ताठ करून फोनपुढे बसत आणि घशातून एकेक ब ओढून काढत.

बातमी फुटली ती जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. प्रत्येकाच्या पाटीवर एकाच वेळी एकच बिघाड, म्हटल्यावर पोरांना शोध लावायला काय लागतंय! एके दिवशी सगळे दारात उभे. कुणी ज्येष्ठमध आणलेलं, कुणी खडीसाखर, कुणी आजीचा काढा. पुढारी समीर मुल्ला. तो जहाजावरच्या नोकरीसाठी शिकत होता.

"बाई, तुमी बोलू नगा. नुसती मान हलवा," तो म्हणाला. "मी रेकॉर्डिंग लावून बगितलं. शाळंतलं तुमचं भाषण होतं न्हवं, ते. यंत्रानं वळखलं. जिवंत आवाज पायजे म्हणालं आणि वर मलाच दम दिला."

बाईंनी मान हलवली.

"आपरेशन करायचं हाय म्हणं. कराच बाई. करायलाच पायजे. फकस्त…" समीर खाली बघू लागला. "माझी परीक्षा संक्रांतीच्या आदी हाय."

मागून एक मुलगी म्हणाली, तिची बँकेची शिमग्याच्या सुमाराला. कुणाची पाडव्याला. कुणाची तारीखच अजून लागायची होती. प्रत्येकजण दुसऱ्याला दटावत होता की बाईंचा जीव महत्त्वाचा, आणि प्रत्येकाने आपली तारीख मात्र सांगितली. त्यातला एकही वाईट नव्हता. जाताना सगळे पाया पडले, आणि घसा जपा म्हणाले.

अण्णांनी एक प्रयत्न केला. ईश्वरी सुट्टीला आली तेव्हा त्यांनी जुना फळा पुसला आणि जुन्या स्पेलिंगचे शब्द लिहिले, सावकाश, सुंदर अक्षरात. छडी नव्हती. उलट दर शब्दाला "येईल हो, येईल" म्हणत होते. ईश्वरीने आजोबांसाठी मन लावून पाहिलं. थोड्याच वेळात चौथीतला तो दार लावलेला चेहरा परत आला. अण्णांनी खडू ठेवला, हात झटकले आणि इतक्या वर्षांचा जिंकलेला वाद बोलून न दाखवता ते झोपाळ्यावर जाऊन बसले.

"आई, डॉक्टर काय म्हणाले नक्की?" ईश्वरीने विचारलं.

बाईंनी हाताने सांगितलं: घाई नाही. दिवाळीनंतरही चालेल.

"खरं?"

बाईंनी मान हलवली. मुक्याने खोटं बोलणं सोपं जातं; आवाज फितूर होत नाही. अण्णांना खरं ठाऊक होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि कुणाची बाजू घ्यावी ते न कळून पेपर वर केला.

ईश्वरीने परीक्षा दिली. तिच्या पाटीवर आईचा आवाज शेवटचा टिकून होता, विरलेल्या पातळासारखा, पण धरून होता. ती पास झाली. निकालाचा फोन आला तेव्हा बाई दवाखान्यात भरती झाल्या होत्या. तुकडा काढून भागण्याची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढलं आणि गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं.

"मी गणपतीच्या आत या म्हटलं होतं," डॉ. हत्तरगी ईश्वरीला म्हणाले. "तुम्ही नर्स ना? तुम्हाला एवढं कळू नये?"

ईश्वरी खाटेजवळ आली. "का?" तिने विचारलं. मग आणखी मोठ्याने, "का गं?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने पदर तोंडाला लावला. रेंदाळे बाई लेकीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या गळ्यातून वारा आत-बाहेर होत होता, एवढंच.

पुढची आवाज-हजेरी चुकली. त्याच्या पुढचीही. यंत्राने नियमाप्रमाणे नोंद बंद केली आणि त्या मुळाला जोडलेल्या साऱ्या पाट्यांवर सर्वसाधारण पट चढवला. तो कुणा मुंबईच्या निवेदकाचा होता, फार गोड आवाजाचा.

आता कुणी काय दिलं ते पाहू. कुराडे साहेबांनी काहीच नाही. त्यांच्या तालुक्याचा शंभर टक्क्यांचा फलक अजून कचेरीत लटकतो आहे. यंत्राने एक नोंद दिली. बाकी मुलांनी काही महिने दिले, निवेदकाच्या इंग्रजीशी जुळवून घेईपर्यंत. समीर मुल्लाने एक जहाज दिलं. तो आता गडहिंग्लजच्या स्टँडमागे मोबाईल दुरुस्त करतो आणि बाईंच्या घरी सणाला शिरखुर्मा पाठवतो. अण्णांनी बोलणं दिलं. घरात एक गप्प आहे म्हटल्यावर दुसऱ्यानेही राहावं, असं त्यांनी न सांगता ठरवलं. बाईंनी काय दिलं ते दिसतंच आहे.

आणि ज्या लेकीसाठी दिलं, तिला ते पोचलं का? ईश्वरीला परिचारिकेचा परवाना मिळाला. निवेदकाची इंग्रजी मात्र तिच्या डोळ्यांपुढे अजूनही भिंतीसारखी उभी राहते, त्यामुळे वॉर्डातल्या कामावर तिला घेत नाहीत. ती घरी असते, आईच्या गळ्याची नळी दोन वेळा साफ करते; ते काम तिच्यासारखं कुणाला जमत नाही. परवाना पाटीवर उघडून बाईंनी खुंटीला लावून घेतला आहे. येणारे-जाणारे तो वाचून छान म्हणतात. घरात एकदा तरी तो मोठ्याने वाचला जावा असं ईश्वरीला फार वाटलं होतं, पण तिला येत नाही, आणि आई नुसती ओठ हलवते.